सुटणे, सोडणे, सोडवणे

रेल्वे फाटकाजवळच्या भिंतीवर, एसटी स्थानकाच्या मागच्या बाजूला किंवा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर एक जाहिरात आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेली असते : पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. औषध खरे की खोटे, हा प्रश्न बाजूला ठेवून त्या वाक्याचे व्याकरण पाहिले, तर एक गंमत लक्षात येते. मराठीत दारू ‘सुटते’, माणूस ती ‘सोडतो’ आणि दुसरे कोणी तरी ती ‘सोडवते’. धातू एकच, पण तीन रूपांत कर्ता बदलत जातो. ‘सोडवणे’ हे प्रयोजक रूप. त्यात क्रिया घडवून आणणारा एक आणि जिच्याबाबतीत ती घडते ती व्यक्ती दुसरी. जाहिरातीतल्या वाक्यात तर पिणारा माणूस वाक्याबाहेरच गेला आहे. त्याला कळूही द्यायचे नाही.

ही जाहिरात आपण हसण्यावारी नेतो. पण तिच्यामागचा विचार आपल्याला परका नाही. डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णाची मिठाई ‘सोडवू’ पाहतात, मुले वडिलांची तंबाखू ‘सोडवू’ पाहतात, शिक्षक विद्यार्थ्याचा मोबाइल ‘सोडवू’ पाहतात. या सगळ्या खटाटोपात एक गृहीतक असते : समोरच्याला पुरेसे कळलेले नाही, म्हणून त्याला आणखी सांगितले पाहिजे. मराठीने या गृहीतकाला ‘कळते, पण वळत नाही’ या शब्दांत फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. अडचण कळण्यात नसून वळण्यात आहे, हे भाषेला ठाऊक आहे. तरीही वळत नाही असे दिसले, की आपण कळवण्याचाच जोर वाढवतो.

गेल्या चार दशकांत मानसोपचाराच्या क्षेत्रात या अडचणीचा एका वेगळ्या बाजूने अभ्यास झाला. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिला इंग्रजीत ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला ‘प्रेरक संवाद’ म्हणू. नाव थोडे फसवे आहे. व्यासपीठावरून दिल्या जाणाऱ्या प्रेरणादायी भाषणांशी तिचा काहीही संबंध नाही. उलट, समुपदेशकाने कमी बोलावे आणि बदलाची कारणे समोरच्याच्या तोंडून यावीत, हे तिचे मुख्य सूत्र आहे. हे सूत्र कुठून आले, त्यामागे पुरावा काय, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

दोष कोणाचा?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत व्यसनावरील उपचारांवर एका कल्पनेची मोठी पकड होती. व्यसनी माणूस स्वभावतःच खोटे बोलतो, आपल्या आजाराला ‘नकार’ देतो, आणि तो नकार फोडल्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत, अशी ती कल्पना. १९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिच यांनी सुरू केलेल्या ‘सिनॅनॉन’ या वसाहतीत तर सगळ्यांनी मिळून एकेकावर शब्दांचा भडिमार करणे, हाच उपचाराचा गाभा होता. त्या टोकाला न जाणाऱ्या अनेक केंद्रांतही समुपदेशकाचे काम म्हणजे रुग्णाला आरसा दाखवणे, त्याच्या सबबी खोडून काढणे, वेळ पडल्यास त्याला लाजवणे, असेच समजले जाई. रुग्ण सुधारला नाही, तर दोष त्याचाच. त्याला अजून ‘सोडायची इच्छाच नाही’.

विल्यम मिलर हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले तरुण मानसशास्त्रज्ञ. कार्ल रॉजर्स यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. माणसाला समजून घेणारा, त्याचा न्यायनिवाडा न करणारा श्रोता मिळाला तर तो स्वतःच वाढीच्या दिशेने जातो, असे रॉजर्स मांडत. मिलर मात्र वर्तन-उपचारातलेही होते, मोजमाप करणारे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अतिमद्यपान करणाऱ्यांना पिण्यावर नियंत्रण कसे ठेवावे याचे प्रशिक्षण द्यायचे, आणि काही जणांना मात्र नुसते एक मार्गदर्शक पुस्तक देऊन घरी पाठवायचे, अशी त्याची आखणी होती. तंत्र सर्व समुपदेशकांना एकच शिकवले होते. निकाल मात्र समुपदेशकागणिक वेगळा निघाला. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या पिण्यात जो फरक दिसला, त्यातील सुमारे दोन तृतीयांश फरकाचा संबंध एकाच गोष्टीशी जुळत होता : समुपदेशकाची समानुभूती, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागी जाऊन समजून घेण्याची आणि ते समजले आहे हे त्याला जाणवू देण्याची क्षमता. ज्यांच्यात ती कमी होती, त्यांच्या रुग्णांपेक्षा पुस्तक घेऊन घरी गेलेल्यांची प्रगती बरी होती.

हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. सल्ला देणारा माणूस निरुपयोगी ठरणे वेगळे, पण तो नसता तर बरे झाले असते असे आकड्यांनी सांगणे वेगळे.

१९८२ साली मिलर नॉर्वेतल्या बर्गन शहराजवळील येल्लेस्टाड येथील व्यसनोपचार केंद्रात काही काळ राहिले. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ आपल्याला अवघड जाणाऱ्या रुग्णांची भूमिका स्वतः करत, आणि मिलर यांनी त्यांच्याशी कसे बोलावे ते करून दाखवावे, असा परिपाठ पडला. ते मध्येच थांबवून विचारत : आता हाच प्रश्न का विचारलात? याच वाक्यावर का थांबलात? ते वाक्य का सोडून दिलेत? उत्तरे देताना मिलर यांना जाणवले, की आपण नकळत काही नियम पाळतो आहोत. रुग्णाने पिण्याची बाजू घेतली तर वाद घालायचा नाही, बदलाच्या बाजूने तो चुकून एखादे वाक्य बोलला तर तिथे थांबायचे, त्याला आणखी बोलू द्यायचे. हे नियम त्यांनी लिहून काढले. तो लेख १९८३ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांची गाठ स्टीफन रोलनिक यांच्याशी पडली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि वेल्समध्ये काम करणारे रोलनिक ही पद्धत ब्रिटनमध्ये शिकवतही होते. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९९१ साली आला. २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली आहे.

एकच रुग्ण, दोन संभाषणे

पद्धत समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. तालुक्याच्या ठिकाणचा सरकारी दवाखाना. रक्तदाबाचा त्रास असलेला, दुकानात दिवसभर उभ्याने काम करणारा चाळिशीतला माणूस तपासणीसाठी आला आहे.

“बीपी परत वाढलंय. दारू बंद केली का?”
“कमी केलीय साहेब.”
“कमी नाही, बंद! उद्या काही झालं तर कोण बघणार? पोरं लहान आहेत ना तुमची?”
“रोज नाही घेत. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. थोडी घेतली की झोप लागते.”
“झोपेसाठी दारू कशाला? संध्याकाळी चहा बंद करा, थोडं चाला.”
“चालतोच की दिवसभर. आणि आमचे मामा पंच्याहत्तरीपर्यंत घेत होते, काही झालं नाही त्यांना.”
“मग माझ्याकडे येता कशाला?”
“सोडतो हो साहेब.”

डॉक्टरांचे एकही वाक्य चुकीचे नाही. त्यांची तळमळही खरी आहे. पण दोन मिनिटांत रुग्णाने काय केले ते पाहावे. पिण्याच्या बाजूने त्याने चार मुद्दे मांडले : मी कमी केली आहे, रोज घेत नाही, झोप लागते, मामांना काही झाले नाही. हे मुद्दे तो घरून ठरवून आला नव्हता. डॉक्टरांनी बदलाची बाजू घेतली, म्हणून उरलेली बाजू त्याच्याकडे आली. शेवटचे “सोडतो हो” हे वचन नाही. ते संभाषण संपवण्याचे साधन आहे.

आता तोच माणूस, तोच रक्तदाब.

“बीपी मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे. त्याविषयी थोडं बोललं तर चालेल का?”
“तुम्ही म्हणणार, दारू सोडा.”
“हे बऱ्याच जणांनी सांगून झालंय तुम्हाला.”
“बायको तर रोज सांगते. पण साहेब, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. थोडी घेतली की झोप लागते.”
“एवढ्या कामानंतर तेवढाच एक आराम.”
“आराम म्हणजे... झोप लागते खरी. पण पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. सकाळी डोकं जड.”
“म्हणजे झोपेसाठी घेता, आणि झोप काही पुरी होत नाही.”
“हां. आणि धाकटी हल्ली संध्याकाळी जवळ येत नाही. वास येतो म्हणते.”
“ते मनाला लागलंय.”
“लागणारच ना. पोरीसाठी तरी बघायला पाहिजे काही तरी.”

दुसऱ्या संभाषणात डॉक्टरांनी सुरुवातीला फक्त परवानगी विचारली. त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही आणि सल्लाही दिला नाही. रुग्णाच्या बोलण्यातला अर्थ त्यांनी साध्या विधानाच्या रूपात परत केला. याला प्रेरक संवादात ‘प्रतिबिंबित करणे’ म्हणतात. आरामाची बाजू मान्य होताच रुग्णाला तिचा बचाव करण्याची गरज उरली नाही, आणि नाण्याची दुसरी बाजू त्यानेच वर आणली. झोपमोड आणि मुलगी, ही दोन्ही कारणे डॉक्टरांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. ती फक्त त्याच्यापाशी होती.

विरोध कुठून येतो?

या फरकाचे स्पष्टीकरण माणसाच्या द्विधा मनःस्थितीत आहे. व्यसन सोडू न पाहणारा असा वेगळा मनुष्यवर्ग नसतो. बहुतेकांना सोडायचेही असते आणि धरून ठेवायचेही असते. ही दोन मते एकाच मनात शेजारी शेजारी नांदतात. ही अवस्था म्हणजे दोष नाही. बदलाच्या वाटेवरचा तो एक नेहमीचा टप्पा आहे. अशा मनात बाहेरच्याने एका बाजूला वजन टाकले, की मनातील दुसरी बाजू आपोआप उचल खाते. कुणी चुकताना दिसले की त्याला ताबडतोब सुधारायला धावण्याच्या आपल्या प्रवृत्तीला मिलर आणि रोलनिक यांनी खास नाव दिले. मराठीत तिला ‘दुरुस्तीची ऊर्मी’ म्हणता येईल. ती चांगुलपणातून येते, आणि म्हणूनच आवरायला कठीण जाते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि मॅरियन फॉरगॅच यांनी १९८५ साली या गोष्टीची थेट चाचणी घेतली. कुटुंबांवर उपचार करणाऱ्यांनी एकाच बैठकीत काही वेळ शिकवण्याचा आणि सामना करण्याचा पवित्रा घ्यायचा, मग काही वेळ तो सोडून द्यायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा सोडायचा. पवित्रा बदलला की समोरच्या आयांचा विरोध वाढे आणि तो सोडला की कमी होई. विरोध हा रुग्णाचा स्वभाव आहे, या समजुतीला हा मोठा धक्का होता. १९९३ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिमद्यपान करणाऱ्या ४२ जणांना त्यांच्या तपासणीचे निकाल दोन तऱ्हांनी सांगितले. काहींना सामना करत, काहींना समजून घेत. समुपदेशकाने जितका सामना केला, तितके त्या रुग्णाचे पिणे वर्षभरानंतर जास्त आढळले. पुढे या पद्धतीच्या अभ्यासकांनी ‘प्रतिरोध’ हा शब्दच आपल्या शब्दावलीतून काढून टाकला. त्याऐवजी दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. एक, ‘जैसे थे’ची भाषा, जी द्विधा मनाची स्वाभाविक अर्धी बाजू आहे. दुसरी, संवादातला बेबनाव, ज्याची जबाबदारी समुपदेशकावरही येते.

दुसरे स्पष्टीकरण डॅरिल बेम यांच्या सिद्धांतात सापडते. आपण जे मानतो ते बोलतो, हे तर खरेच. पण आपण काय बोलतो आणि कसे वागतो हे पाहूनही आपण स्वतःची मते ठरवतो, असे बेम यांचे म्हणणे. पहिल्या संभाषणातल्या रुग्णाने स्वतःच्याच तोंडून पिण्याचे समर्थन ऐकले. दुसऱ्यातल्या रुग्णाने स्वतःच्याच तोंडून काळजी ऐकली.

क्रियापदांची शिडी

म्हणून प्रेरक संवादात समुपदेशकाचे कान एका विशिष्ट भाषेसाठी तयार केले जातात : बदलाची भाषा. इच्छा, क्षमता, कारण आणि निकड हे तिचे पहिले चार प्रकार. त्यानंतर निर्धार, तयारी आणि प्रत्यक्ष टाकलेले पाऊल. मराठीचे क्रियापद हा सगळा प्रवास आपल्या प्रत्ययांतच दाखवते. ‘सोडावीशी वाटते’ ही इच्छा. ‘ठरवलं तर सोडता येईल’ ही क्षमता. ‘सोडली तर पोरगी जवळ येईल’ हे कारण. ‘सोडायलाच पाहिजे’ ही निकड. ‘सोडणार’ हा निर्धार. ‘या आठवड्यात तीन दिवस घेतली नाही’ हे पाऊल. आणि ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘सोडतो हो’ ही शिडीच्या पायथ्याशीच घुटमळणारी रूपे.

भाषाविज्ञानाच्या अंगाने मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या पॉल अ‍ॅम्राईन यांनी २००३ साली अमली पदार्थांच्या व्यसनींबरोबरच्या बैठकींमधील बोलण्याचे बारकाईने विश्लेषण केले. बदलाची वाक्ये किती वेळा आली, यापेक्षा निर्धाराच्या भाषेचा जोर बैठकीच्या अखेरीस वाढत गेला की नाही, यावरून पुढचे वर्तन अधिक चांगले ओळखता आले. तो अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्यांचा होता, पण ‘बघू’ आणि ‘सोडणार’ यांतले अंतर मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही. समुपदेशकाला मात्र उतावीळपणा करून चालत नाही. ‘सोडावीशी वाटते’ म्हणणाऱ्याकडून लगेच ‘सोडणार’ वदवून घेऊ गेले, तर तो एक पायरी खाली उतरतो.

शिडी चढायला मदत करणारी काही साधी साधने आहेत. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त संपणार नाही असे खुले प्रश्न. माणसाच्या बळाची आणि प्रयत्नांची प्रामाणिक नोंद घेणे. प्रतिबिंब. आणि अधूनमधून सारांश. द्विधा मनाचा सारांश सांगताना दोन बाजूंना ‘पण’ने जोडू नये, ‘आणि’ने जोडावे, असे शिकवले जाते. ‘झोप लागते, पण डोकं जड होतं’ यात ‘पण’ आधीचे वाक्य पुसून टाकतो, आणि पुसलेली बाजू परत भांडायला येते. ‘झोप लागते आणि सकाळी डोकं जड होतं’ यात दोन्ही खरे राहते.

आणखी एक साधन म्हणजे मोजपट्टी. शून्य ते दहा यांत, हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो? समजा, उत्तर आले चार. आपल्या तोंडी लगेच येते : फक्त चारच? मग तो चारच का, हे सिद्ध करत बसतो. प्रेरक संवादात उलट विचारतात : चार का, एक किंवा शून्य का नाही? याचे उत्तर देण्यासाठी त्याला बदलाची कारणेच शोधावी लागतात.

माहिती आणि सल्ला यांना इथे बंदी नाही. फक्त क्रम वेगळा आहे. आधी विचारायचे : याविषयी तुम्हाला काय माहीत आहे, मी थोडे सांगितले तर चालेल का? मग थोडक्यात सांगायचे. आणि पुन्हा विचारायचे : यातून तुम्हाला काय वाटते? माहिती तीच राहते, पण तिचा अर्थ लावण्याचा हक्क ऐकणाऱ्याकडे राहतो.

ही चलाखी तर नव्हे?

वाचकाच्या मनात एव्हाना शंका आली असेल. समोरच्याकडून आपल्याला हवे तेच वदवून घेणे, हाही ‘नकळत दारू सोडवण्या’चाच सभ्य प्रकार नव्हे का? ही शंका रास्त आहे, आणि या पद्धतीच्या कर्त्यांनी ती टाळलेली नाही. सहभाग, स्वीकार आणि करुणा यांना त्यांनी तंत्राच्या आधी स्थान दिले. करुणेचा अर्थ इथे काटेकोर आहे : संवाद समोरच्याच्या हितासाठी असावा, बोलणाऱ्याच्या नव्हे. म्हणून वस्तू विकण्यासाठी ही पद्धत वापरणे त्यांना मान्य नाही. जिवंतपणी मूत्रपिंडदान करावे की नाही, यासारख्या निर्णयात तर समुपदेशकाने जाणीवपूर्वक तटस्थ राहावे, कोणत्याही बाजूची भाषा उचलून धरू नये, असे ते सांगतात.

मूळ पद्धतीतली एक गोष्ट त्यांनी पुढे पुराव्यामुळे बदललीही. फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला, असा ताळेबंद रुग्णाबरोबर मांडणे पूर्वी नेहमीचे होते. पण जो अजून द्विधा आहे त्याच्याबरोबर दोन्ही रकाने सारख्याच कसोशीने भरले, तर त्याचा निर्धार वाढण्याऐवजी कमी होण्याकडेच कल दिसतो, असे २०१५ साली मिलर आणि त्यांचे सहकारी गॅरी रोज यांनी उपलब्ध संशोधनाच्या आढाव्यातून दाखवले. तटस्थ राहायचे असेल तेव्हा ताळेबंद योग्य. बदलाला साथ द्यायची असेल तेव्हा नव्हे.

चलाखीच्या शंकेला खरे उत्तर मात्र पद्धतीच्या एका अंगभूत मर्यादेत आहे. माणसाच्या मनात नसलेले कारण यातून उगवत नाही. मुलगी जवळ येत नाही याचे दुःख त्या रुग्णाला नसते, तर कितीही कुशल प्रतिबिंबाने ते निर्माण झाले नसते.

गोव्यातला प्रयोग

पुराव्याचे काय? १९९७ साली निकाल जाहीर झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या अमेरिकी चाचणीत मद्यासक्तीचे १,७२६ रुग्ण होते. प्रेरक संवादावर आधारलेल्या ४ बैठका आणि इतर दोन प्रस्थापित उपचारांच्या १२ बैठका यांचे परिणाम ढोबळमानाने सारखे आले. २०११ साली ५९ अभ्यासांचा आणि १३ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्रित आढावा घेतला गेला. उपचार न देण्यापेक्षा हा संवाद निश्चित बरा, पण परिणाम उपचारानंतर लगेच सर्वांत ठळक आणि काळ जाईल तसा फिका. इतर चांगल्या उपचारांपेक्षा तो सरस नाही. आणि बऱ्याच अभ्यासांचा दर्जा सुमार, असे त्यातून दिसले. म्हणजे हा चमत्कार नाही. थोड्या वेळात बऱ्यापैकी काम करणारे हे एक साधन आहे.

आपल्या दृष्टीने ‘थोड्या वेळात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि गरजू अगणित, अशा देशात ही पद्धत तज्ज्ञांपुरतीच राहिली तर तिचा उपयोग काय? या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यात शोधले गेले. तिथल्या ‘संगत’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, हानिकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक मानसोपचाराचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेले, स्थानिक समाजातलेच होते. त्यांना प्रशिक्षण देऊन, प्रेरक संवादाच्या तत्त्वांवर बेतलेल्या जास्तीत जास्त ४ बैठका घ्यायला शिकवले होते. तीन महिन्यांनी, हानिकारक मद्यपानाच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के होते. आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के. वर्षभरानंतरही पहिला गट पुढेच राहिला.

या आकड्यांची दुसरी बाजूही त्याच शोधनिबंधात आहे. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या मद्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक पडला नाही. आणि घरातल्या स्त्रीवर होणाऱ्या हिंसेतही फरक आढळला नाही. नवऱ्याची दारू कमी झाली की मारहाण आपोआप थांबेल, ही आशा या अभ्यासापुरती तरी खरी ठरली नाही. तिच्यासाठी वेगळे उपाय, वेगळे कायदेशीर आणि सामाजिक पाठबळ लागते.

इतरही मर्यादा आहेत. ज्याचा निर्णय झालेलाच आहे, त्याला कारणे विचारत बसण्यात अर्थ नाही. त्याला पुढची योजना हवी असते. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, वात होऊन जीवही जाऊ शकतो. तिथे आधी वैद्यकीय देखरेख लागते, संवाद नंतर. शिवाय हे कौशल्य दिसते तितके सोपे नाही. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २२ जणांना एकदाच कार्यशाळा दिली गेली. आपल्यात खूप बदल झाला असे त्यांना वाटले. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र फारसा बदल झाला नाही. पुढच्या संशोधनाने दाखवले, की कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष संभाषणे ऐकून कोणी चुका दाखवत राहिले, तरच कौशल्य टिकते. म्हणजे समुपदेशकाचीही गोष्ट तीच : त्यालाही कळलेले असते, वळायला वेळ लागतो.

घरच्यांनी काय करावे?

असा लेख वाचणाऱ्यांत समुपदेशक थोडे आणि घरातले कोणी तरी व्यसनात अडकलेले वाचक अधिक असणार. त्यांनी काय करावे? पत्नीने, आईने समुपदेशकासारखे शांत बसावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिचे स्वतःचे आयुष्य पणाला लागलेले असते. पण घरच्यांच्या हाती काहीच नाही, हेही खरे नाही. मिलर यांच्याच विद्यापीठातले रॉबर्ट मेयर्स यांनी नातेवाइकांसाठी एक प्रशिक्षण विकसित केले. माणूस शुद्धीत असताना त्याच्याशी जवळीक वाढवायची, प्यायलेला असताना बाजूला व्हायचे, त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्या वतीने निस्तरत बसायचे नाही, योग्य क्षणी उपचाराचा विषय काढायचा, आणि या सगळ्यात स्वतःची सुरक्षितता व स्वतःचे सुख यांना आधी स्थान द्यायचे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उपचार नाकारणाऱ्या मद्यपींचे १३० नातेवाईक सहभागी होते. या पद्धतीने शिकलेल्यांच्या ६४ टक्के माणसांनी उपचार सुरू केले. सगळ्यांनी मिळून एकदा समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि फक्त नातेवाइकांच्या आधारगटाच्या वाटेने १३ टक्के.

हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेत. जाब विचारण्याने काहीच होत नाही असे नाही. काहींच्या बाबतीत होते, आणि तेवढ्याच उदाहरणांच्या जोरावर ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण तिच्यामुळे जे उपचाराला तयार होत नाहीत, त्यांच्यावर आपण ‘याला सुधारायचेच नाही’ असा शिक्का मारतो. प्रेरक संवादाच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासाने या शिक्क्याबद्दल शंका घ्यायला शिकवले आहे. सुधारायचेच नाही असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनातली दुसरी बाजू बोलू शकेल इतकी जागा त्याला आपल्या संभाषणात मिळाली होती का, हे आधी तपासले पाहिजे. ही जागा देणे डॉक्टरांच्या, आरोग्यसेवकांच्या आणि काही प्रमाणात घरच्यांच्याही हातात आहे. प्रत्यक्ष सोडण्याचे क्रियापद मात्र त्या माणसालाच, प्रथमपुरुषी चालवावे लागते.